कोन म्हन्ते?

दुर्गे सरांना कुणी ‘सर, दिवस उगवला’ असं सांगितलं असतं, तरी त्यांनी आधी चष्मा कपाळावर सरकवला असता, ‘कोन म्हन्ते?’ असं विचारलं असतं आणि मग स्वतः दाराबाहेर जाऊन पाहून आले असते. वाढवून सांगत नाही. तेलंगणातल्या नार्नूरच्या पुढं, महाराष्ट्राच्या सीमेच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी माझ्या हातात नेमणुकीचा हुकूम होता, त्यावर सही होती, शिक्का होता, आणि शाळेचे हे मुख्याध्यापक तो कागद उन्हात धरून मागून-पुढून न्याहाळत होते. मग त्यांनी मंडलच्या, म्हणजे तालुक्याच्या, ऑफिसात फोन लावला आणि माझ्यादेखत खणखणीत तेलुगूत विचारलं, अशी अशी बाई तुम्ही खरंच पाठवली आहे का. मला असा संताप आला की आल्या ऑटोनं परत जावं. फोन ठेवून ते म्हणाले, “या मॅडम. तुमी खऱ्या हाय.”

हे माझं स्वागत. पुढं कित्येक वर्षं आम्ही दोघंच त्या शाळेत होतो, आणि तेवढ्या वर्षांत माझ्या एकाही बातमीवर त्यांनी सरळ विश्वास ठेवला नाही. उद्या सुट्टी आहे म्हटलं तरी ‘कोन म्हन्ते?’ मी चिडून ‘मी म्हणते ना सर!’ म्हटलं, की त्यांचा पुढचा प्रश्न तयार, ‘तुमी म्हन्ता ते ठीक. पन तुमाले कोनं सांगतलं?’ या प्रश्नाला अंत नसायचा. शेवटी मीच थकून वर्गावर निघून जायचे.

आमच्या गावात घरात मराठी, बाजारात हिंदी आणि ऑफिसात तेलुगू. शाळा मराठी माध्यमाची, पाचवीपर्यंतची, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. सर उंच, किंचित वाकलेले. शाळेची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून शर्टाच्या आत गळ्यात घातलेली. सायकल वर्गात आणून ठेवायचे आणि तिथंही तिला कुलूप लावायचे. मध्यान्ह भोजनाचा तांदूळ आला की पोत्यातले दाणे काढून कच्चेच चावून बघायचे. अंडी आली की आणणाऱ्याच्या समोर एकेक अंडं पाण्यात सोडायचे, आणि तरंगलं की काही न बोलता त्याच्या हातात परत. मी फळ्यावर लिहिलेलं सुद्धा ते जाता-येता तपासून जायचे. घरी बायकोच्या हातची भाजी तरी हा माणूस सुखानं खातो की नाही, असं मला वाटायचं.

आणखी एक खोड. सगळ्या मुलुखात पंधरा ऑगस्टला पोरांना बुंदी मिळते, लाडू मिळतो. आमच्या शाळेत उकडलेल्या शेंगा. गोडाला बंदी. शेंगा खातानासुद्धा सर प्रत्येक शेंग स्वतः फोडणार, आत किडा नाही ना ते बघणार आणि मगच दाणा तोंडात टाकणार. दुसऱ्यानं सोललेला दाणा त्यांनी कधी खाल्ला नाही. पोरं लाडवासाठी तोंड पाडून बसलेली पाहून मी एकदा त्यांना चांगलंच बोलले. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या बापानं दुसऱ्यांच्या वावरात सालदारकी केली. त्यांच्या वस्तीतून शाळेत गेलेला हा पहिलाच पोरगा. तिसरीत असताना एक साहेब आले, शाळेचं तोंडभरून कौतुक केलं, पोरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. पुढच्या आठवड्यात मास्तरांची बदली झाली आणि शाळेला कुलूप लागलं. सर नाला ओलांडून दुसऱ्या गावी जायला लागले, बरोबरची पोरं गुरांमागं गेली. “गोड आलं का मी आधी पाह्यतो, गूळ कोनाचा हाय,” एवढं बोलून ते शेंगा फोडत राहिले.

मग वरून मापं यायला लागली. देशातल्या सगळ्या सरकारी शाळा सुधारायच्या, म्हणून सगळ्या देशाला एकच माप. तिसरीच्या पोराला मिनिटाला इतके शब्द वाचता आलेच पाहिजेत, इतकी चित्रं ओळखता आलीच पाहिजेत, शाळेत पोरं इतकी पाहिजेत, नाहीतर शाळा मापात बसत नाही. भिंतीवर लावायचा रंगीत तक्ता आला, टॅब आला, हजेरीचं ॲप आलं. खरं सांगते, मला ते आवडलं. एवढ्या आडगावच्या आमच्या पोरांची कुणी दखल घेतंय, हेच मला मोठं वाटलं. सरांनी तो तक्ता उलटा करून त्याची मागची कोरी बाजू पाहिली. टॅबवर रुमाल टाकला. का, विचारलं तर म्हणाले, त्याला डोळा आहे. आणि मिनिटाच्या शब्दांवरून तर ते असे उखडले की विचारू नका. वाचणं म्हणजे काय कापसाची वेचाई आहे का, जितका भरला तितका मोजायला, म्हणाले.

हजेरीच्या ॲपनं त्यांच्या हाती आयतंच कोलीत दिलं. ते रोज पोरांचे चेहरे टिपायचं आणि ओळखायचं. चौथीतल्या गोपाळचा आजा वारला, घरच्यांनी त्याचं डोकं भादरलं. पोरगं शाळेत आलं तर ॲप त्याला ओळखेना. उजेडात धरलं, सावलीत धरलं, डोक्यावर टोपी घालून धरलं. नाही म्हणजे नाही. गोपाळ रडकुंडीला आला. सरांनी त्याला जवळ ओढलं आणि समजूत घातली, की बाबा, मी पण कोणावर विश्वास ठेवत नाही, पण तू आहेस हे मला दिसतंय. त्याचे केस वाढेपर्यंत ते रोज मंडलला फोन करून सांगायचे, पोरगा हजर आहे, मी स्वतः हात लावून पाहिला. ऑफिसातली माणसं वैतागून गेली. मला हसू आवरायचं नाही, पण त्यांच्यासमोर हसायची सोय नव्हती.

पहिल्या वाचन-तपासणीला मंडलकडून एक तरुण आला. तेलुगू घरातला. हिंदीमुळं त्याला मराठीची अक्षरं कळायची, शब्द कळायचे नाहीत. सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ज्याला समजत नाही तो पोरीचं वाचणं मोजणार कसं? तिसरीतली शेवंता वाचायला बसली. मिनिट संपलं तसा तो म्हणाला, “चालु.” शेवंतानं मान हलवली आणि पुढं वाचायला लागली. “चालु, चालु,” तो पुन्हा म्हणाला. तिला वाटलं, साहेब खूश झाले. ती आणखी ठसक्यात वाचू लागली. त्यानं तिसऱ्यांदा म्हटल्यावर तिनं पान उलटलं. आता तेलुगूत ‘चालु’ म्हणजे ‘पुरे, बस’, हे त्या चिमुरडीला कुठून ठाऊक असणार? तिच्या घरी चालू म्हणजे चालू. मोटर चालू, गिरणी चालू. शेवटी मीच धावत जाऊन तिला थांबवलं. सर दाराशी उभे होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं.

वाचनात आमची पोरं तरली, चित्रांत बुडाली. बटाट्याचं चित्र आलं, पोरं म्हणाली आलू. पेरूला म्हणाली जाम. कोथिंबिरीची हिरवीगार जुडी आली, तर सगळी एका सुरात ‘सांभार’. आमच्याकडं कोथिंबिरीला सांभारच म्हणतात, माझी आजीही म्हणायची. त्या तरुणाला मात्र इडलीबरोबरचं सांबार आठवलं. हिरव्या पाल्याला हे लेकरू सांबार म्हणतंय म्हणजे त्याला काहीच येत नाही! त्याच्याजवळच्या उत्तरांत बटाटा, पेरू, कोथिंबीर असं छापलेलं होतं. त्यानं सगळीकडं फुल्या मारल्या. त्याचा तरी काय दोष म्हणा.

निकाल लागला, शाळा मापात बसत नाही. पोरंही कमी आणि गुणही कमी. ऑफिसातून निरोप आला, की पुढच्या वर्षी जिल्ह्याचे मोठे साहेब स्वतः येऊन पाहतील, आणि तेव्हाही बसली नाही तर नाल्यापलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन करतील. त्या शाळेत तेलुगू आहे, इंग्रजी आहे, मराठी नाही. पावसाळ्यात नाला भरला की तिकडं जायला रस्ता नाही. शेवंतासारख्या पोरी चार दिवस जातील आणि पाचव्या दिवशी आईबरोबर कापूस वेचायला लागतील, हे सांगायला कोण्या साहेबाची गरज नव्हती.

मी कंबर कसली. रोज सकाळी पोरांकडून घोकून घ्यायला लागले, बटाटा, पेरू, कोथिंबीर. कुणी सांभार म्हटलं की ‘चूक!’ म्हणून ओरडायचे. दोन-तीन दिवस सरांनी ऐकून घेतलं, मग मला बाहेर बोलावलं. “कोथिंबीर शिकवा. पन सांभार चूक हाय असं नोका सांगू मॅडम. आज सांभार चूक झालं, उद्या ते लेकरू मायले चूक म्हनन.” मी तिथंच त्यांच्याशी भांडले. शाळा राहिली तर माय राहील, म्हटलं. तुम्हाला नाही काही वाटत, मला वाटतं.

तसं बोलायला कारण होतं. गावात कुजबुज होती की सर आता निवृत्तीला आले, मुलगा मंचेरियलला नोकरीला, यांना तिकडं जवळची बदली हवी आहे. शाळा बंद झाली तर आपोआप मिळेल. मग कशाला जीव जाळतील? मलाही ते पटायला लागलं होतं, कारण सर दर शनिवारी दुपारी जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन बसायला लागले होते. मी विचारलं, तिथं काय करता. म्हणाले, बसतो, पाहतो. काय पाहता? तर, साहेबाला. बस्स. त्यापलीकडं ताकाला तूर लागू दिली नाही. माझ्या जागी कुणीही म्हटलं असतं, कुठंतरी पाणी मुरतंय. दुसऱ्यांवर इतका संशय घेणारा माणूस स्वतः धुतल्या तांदळासारखा कसा असेल?

साहेब येणार त्या दिवशी सकाळीच सरांचे हुकूम सुटले. साहेबांना जेवायला घालायचं, पण गोडाचा कण नको. ज्वारीची भाकर, झुणका आणि सांभारवड्या, भरपूर. कोथिंबिरीचं सारण भरून तळलेल्या या वड्या आमच्या भागात सणावाराला होतात. गावातल्या झाडून सगळ्या बाप्यांना, बायांना व्हरांड्यापुढं बोलावलं. एक हार आणून ठेवला. शाळा बंद करायला येणाऱ्या माणसाला हार! माझा संशय पक्का झाला. आणि मला हळूच म्हणाले, “वाढाले तुमी राहा. साहेबाच्या ताटात वाढतच राह्यजा. तोंडानं बोलत नाई तोवर थांबू नोका.” मी म्हटलं, काऊन? तर म्हणाले, “वाढा ना तुमी.”

साहेब आले. कमी बोलणारा माणूस, चेहऱ्यावरून काही कळू द्यायचा नाही. त्यांनी स्वतः पोरांना चित्रं दाखवली. माझ्या घोकंपट्टीमुळं अर्धी पोरं कोथिंबीर म्हणाली, अर्धी सांभार. शेवंता उभी राहिली आणि म्हणाली, पुस्तकात कोथिंबीर, घरी सांभार. साहेबांनी तिच्याकडं नुसतं पाहिलं. मग सरांना हिंदीत सांगितलं की पोरं कमी आहेत, नियम हा नियम आहे, मला जे लिहावं लागेल ते लिहीन. सरांनी त्या नियमांतलाच दुसरा नियम दाखवला, की लहान पोरांना घरच्या भाषेत शिकवा असंही त्यात आहे, तर घर कोणाचं धरायचं, छापणाऱ्याचं का पोरीचं? साहेब हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

पान वाढलं. साहेबांचा डावा हात फोनला, फोन कानाला. उजवा हात ताटात. मी वडी वाढली. त्यांनी मान हलवली. मी आणखी वाढली. त्यांनी भुवया उंचावल्या. दोन्ही हात गुंतलेले, हातानं नाही म्हणता येईना. मी मेली लाजेनं अर्धी झाले होते, पण सर खांबाशी उभे राहून माझ्याकडं डोळे लावून होते, म्हणून आणखी एक ठेवली. तशी साहेबांनी फोन बाजूला केला आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, “चालु अम्मा, चालु!”

“आयकलं का?” सरांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. “साहेब म्हन्तेत, चालू! शाळा चालू!”

व्हरांड्यापुढं टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हाताऱ्या बायांनी तिथूनच साहेबांवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. सरपंचांनी हार घातला. पोरांच्या बापांनी मोबाइल वर धरून सगळं टिपलं. साहेब अर्धी वडी हातात घेऊन तसेच बसलेले. त्यांनी सरांकडं पाहिलं. सर त्यांच्याकडं अशा चेहऱ्यानं पाहत होते की या माणसानं आयुष्यात तेलुगूचं अक्षर ऐकलं नसावं. मला वाटलं, झालं, आता नोकरी गेली, त्यांचीही आणि माझीही.

साहेबांनी घास चावला, गिळला. उरलेली वडी उघडून आतला हिरवा पाला बघितला आणि पोरांना विचारलं, हे काय? पोरं ओरडली, सांभार. “हमारे यहाँ कोत्तिमीर,” ते म्हणाले आणि ती वडीही त्यांनी खाल्ली. हात धुताना मात्र सरांना हळूच विचारलं, मास्टरजी, आपको तेलुगू आता है ना? सर म्हणाले, थोडा थोडा, साहेब. जीपमध्ये बसताना त्यांच्या गळ्यात हार तसाच होता.

महिन्याभरात हुकूम आला. शाळा मराठी माध्यमातच सुरू ठेवावी, दरवर्षी पाहणी व्हावी. आता ते टाळ्यांमुळं झालं, मोबाइलवर फिरलेल्या चित्रफितीमुळं झालं, शेवंतामुळं झालं, का साहेबांच्या मनात आधीच तसं होतं, देव जाणे. मला अजून संशय आहे. साहेब एवढे मोठ्यानं का बोलले? फोन बाजूला करून का बोलले? मी सरांना किती वेळा विचारलं, की तुम्ही शनिवारी त्यांना जेवतानाच बघायला जात होता ना? त्यांचं उत्तर ठरलेलं. म्हणायचे, मी कुठं काय केलं, साहेबच म्हणाले, तुम्ही कानानं ऐकलं. शब्द काढून घेणं त्या माणसाकडून कधी कुणाला जमलं नाही. बदलीची कुजबुज तर अशी विरली की जणू कुणी केलीच नव्हती. सर आमच्याच शाळेतून निवृत्त झाले. निरोपाला गावानं पेढे आणले होते. त्यांनी ते वाटू दिले नाहीत.

यंदाच्या थंडीत कळलं की त्यांना अर्धांगाचा झटका आला, मंचेरियलला मुलाकडं आहेत. मी शेंगा उकडून डब्यात घेतल्या आणि गेले. खाटेवर उशाला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. किती वाळले होते! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदरानं पुसलं, कारण त्यांना दिसलं असतं तर का आलं म्हणून चौकशी झाली असती. सून तेलुगू, गुणी मुलगी. तिनं बशीत चहा ओतला. डावा तळवा आडवा धरून ते म्हणाले, “चालु अम्मा.” ती थांबली. नातू दाराशी इंग्रजी कविता म्हणत होता, त्याच्याकडं थोडा वेळ बघत राहिले. मी डब्याचं झाकण उघडलं. त्यांनी एक शेंग उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली.

“शाळा?”

यंदाची पाहणी नुकतीच होऊन गेली होती. म्हटलं, “चालू हाय, सर.”

त्यांनी डाव्या हाताच्या पालथ्या बाजूनं चष्मा कपाळावर ढकलला. “आपल्या भाषेत, का त्याह्यच्या?”

“आपल्या.”

“कोन म्हन्ते?”

नवा हुकूम माझ्या फोनमध्ये होता. दाखवला असता तर त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला असता, सही कोणाची विचारलं असतं, ऑफिसात फोन लावायला सांगितलं असतं. मी फोन काढला नाही.

“मी म्हन्ते, सर.”

पुढचा प्रश्न मला पाठ होता. मी त्याची वाट बघत बसले. तुम्हाला कोणी सांगितलं, केव्हा सांगितलं, त्याला कोणी सांगितलं.

“मंग हाय,” सर म्हणाले. एका हातानं शेंग फुटेना, ती त्यांनी माझ्यापुढं केली. मी फोडली, दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी न बघता तोंडात टाकले.